एलईडी, सिलिकॉन आणि काळी पडणारी चांदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिटिंग बनवणारे, दुरुस्ती करणारे, कारखान्यांतले मेंटेनन्सवाले आणि डिप्लोमाची मुलं यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच असते: वर सिलिकॉन आहे, तरी एलईडी आतून काळी कशी पडली? घाई असेल तर आधी ३, ४ आणि ११ वाचा, बाकीचं सवडीने.

१. एलईडीवर तो पिवळा, मऊसर थर असतो, तो कशाचा?

पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. त्यातल्या काही निळ्याचा पिवळा करणारी पूड म्हणजे फॉस्फर. ही पूड पारदर्शक सिलिकॉनमध्ये कालवून चिपवर ओततात आणि ओव्हनमध्ये पक्की करतात. तोच तो पिवळा थर. व्यवसायात त्याला एन्कॅप्सुलंट म्हणतात. फॉस्फर धरून ठेवणं, चिपमधला प्रकाश जास्तीत जास्त बाहेर काढणं आणि केसापेक्षा बारीक वायर बाँडला धक्क्यापासून व ओलाव्यापासून जपणं ही त्याची कामं. पहिली दोन तो उत्तम करतो. तिसरं कुठपर्यंत करतो, हेच पुढच्या बहुतेक उत्तरांत आहे.

२. पूर्वी इपॉक्सी चालायचं, मग सिलिकॉन कशाला आणलं?

इंडिकेटरच्या ५ मिलिमीटर एलईडीत इपॉक्सी आजही चालतं. लाल दिव्यात तर वर्षानुवर्षं टिकतं. पण निळा प्रकाश आणि उष्णता एकत्र आली की इपॉक्सी पिवळं पडतं, आणि पिवळं पडलं की तोच निळा प्रकाश गिळू लागतं. सिलिकॉनचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचा. हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बराच मजबूत: मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल, तर दुसरीकडे सुमारे ३५०. म्हणून १५० अंशांच्या आसपासही तो पारदर्शक राहतो. शिवाय तो मऊ असल्यामुळे गरम-थंड होताना वायर तुटत नाही. १९९६ साली पांढरी एलईडी बाजारात आली आणि पुढे वॅटेज वाढत गेलं, तसं इपॉक्सी मागे पडलं.

या अदलाबदलीत एक गोष्ट गमावली. वायू अडवण्यात इपॉक्सी सिलिकॉनपेक्षा कितीतरी सरस होतं.

३. सिलिकॉन तर वॉटरप्रूफ असतो. बाथरूममध्ये, खिडक्यांना तोच लावतात. मग आत काही जाईलच कसं?

पाण्याचा थेंब आणि पाण्याची वाफ या वेगळ्या गोष्टी आहेत. सिलिकॉन थेंब झटकून टाकतो, पण त्याच्या साखळ्या इतक्या लवचिक आणि एकमेकींपासून इतक्या सुट्या असतात की वाफ, ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड (कुजलेल्या अंड्यासारख्या वासाचा, गंधकाचा वायू) यांचे रेणू त्यांच्यामधून सहज वाट काढतात. नेहमीच्या प्लास्टिक-रबरांत साध्या सिलिकॉनइतका वायू सोडणारा पदार्थ क्वचितच सापडेल. दिवसभर डोळ्यात ठेवता येतील अशा कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सिलिकॉन घालतात तो त्यासाठीच: बुबुळाला ऑक्सिजन मिळावा म्हणून.

गंधकाचा वायू सिलिकॉनला खात नाही. सिलिकॉन जसाच्या तसा राहतो, वरून पाहिलं तर नवाकोरा. वायू त्याला ओलांडून खालच्या धातूपर्यंत पोचतो आणि तिथे काम करतो. त्यामुळे ‘सिलिकॉन चांगल्या कंपनीचा आहे’ हे गंजाच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. कोणत्या प्रकारचा सिलिकॉन आणि खाली कोणता धातू, हे दोन प्रश्न विचारायचे.

४. आत काळं पडतं ते नेमकं काय?

चांदी. एलईडीची चिप ज्या तांब्याच्या पट्टीवर (लीड फ्रेमवर) बसते तिला चांदीचा मुलामा असतो, काही मायक्रॉन जाडीचा. चांदी दृश्य प्रकाशाचा सुमारे ९५ टक्के भाग परत फेकते. चिपच्या बाजूने आणि खाली जाणारा प्रकाश तिच्यामुळेच वर येतो. हायड्रोजन सल्फाइड, ऑक्सिजन आणि थोडा ओलावा पोचला की चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते काळं असतं. घरातले पैंजण, चांदीची निरांजनं काळी पडतात तीच ही क्रिया. फरक इतकाच की निरांजन घासता येतं.

परिणाम टप्प्याटप्प्याने दिसतात. आधी ल्युमेन, म्हणजे एकूण प्रकाश, घटतात. मग रंग सरकतो, कारण काळवंडलेला थर सगळे रंग सारखे गिळत नाही. या काळात व्होल्टेज, करंट सगळं ठीक असतं, त्यामुळे मीटर लावून काहीच सापडत नाही. प्रकरण फार पुढे गेलं तर वायर बाँडच्या पायाशी किंवा चिपखालच्या चांदीच्या पेस्टमध्ये जोड सुटतो आणि एलईडी मिणमिणते किंवा बंदच पडते. मुलामा पातळ असेल तर खालचं तांबंही उघडं पडून सल्फाइड बनवू लागतं.

क्लोरीन पोचलं तर सिल्व्हर क्लोराइड होतं. ते प्रकाशात काळवंडतं, आणि एलईडीच्या आत प्रकाशाला काय तोटा!

५. डेटाशीटवर ‘मिथाइल’ किंवा ‘फिनाइल’ सिलिकॉन लिहिलेलं असतं. आपण काय बघायचं?

गंजाच्या दृष्टीने हा सगळ्यात कामाचा तपशील. हे सिलिकॉनचे दोन प्रकार. मिथाइल सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात शिरताना किती वळतो त्याचा आकडा) सुमारे १.४१, फिनाइलचा १.५३ ते १.५४. फिनाइलच्या जाडजूड कड्यांमुळे साखळ्या घट्ट बसतात आणि वायूला वाट कमी मिळते. दोघांत वायू सोडण्याचा फरक दहापट आणि त्याहूनही जास्त असू शकतो. शिवाय अपवर्तनांक चिपच्या जास्त जवळ जात असल्यामुळे फिनाइलमधून प्रकाशही थोडा जास्त निघतो.

मग सगळे फिनाइलच का वापरत नाहीत? ते जास्त तापलं तर लवकर पिवळं पडतं, कडक असल्यामुळे गरम-थंडात तडकायची भीती असते, आणि महागही पडतं. म्हणून मोठ्या वॅटेजच्या एलईडीत पुष्कळदा मिथाइल सापडतं. तिथे गंजाची काळजी पॅकेज, म्हणजे चिपभोवतीचं घर, बदलून घेतात (प्रश्न १८).

डेटाशीटवर प्रकार नसेल आणि फक्त अपवर्तनांक दिला असेल, तर वरच्या आकड्यांवरून अंदाज बांधा. तोही नसेल तर पुरवठादाराला लेखी विचारा. ‘ऑप्टिकल ग्रेड सिलिकॉन’ एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नाही असं समजा.

६. आमच्याकडे केमिकल कारखाना नाही, गटार नाही. गंधक आलं कुठून?

बहुतेक वेळा ते तुमच्या फिटिंगच्या आतच असतं. काळ्या रबराचं गॅस्केट, केबल आत घेतो तिथला ग्रोमेट, ओ-रिंग: रबर पक्कं करायला गंधकच वापरतात आणि गरम झालं की त्यातलं थोडं बाहेर पडत राहतं. बंद फिटिंगमध्ये ते जाणार कुठे? गंधकाऐवजी पेरॉक्साइडने पक्कं केलेलं ईपीडीएम रबर किंवा सिलिकॉनचं गॅस्केट घेतलं की हा स्रोत बंद होतो.

दुसरा स्रोत पॅकिंग. पुठ्ठ्याचं खोकं, खाकी कागद, वर्तमानपत्र, आणि पिशवीला गुंडाळलेला रबरबँड (प्रश्न २०). तिसरा, जोडणीच्या टेबलावरची काही कटिंग तेलं आणि चिकट पदार्थ.

बाहेरच्या हवेतले स्रोतही वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी ओहोटीला चिखलाचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचाच. उघडे नाले, कचरा डेपो, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, गोबरगॅस, टायर आणि व्हिस्कोस रेयॉनचे कारखाने, वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखी गंधकयुक्त झऱ्यांची ठिकाणं, या सगळ्या जागा चांदीसाठी वाईट. कंट्रोल रूमसाठी वापरल्या जाणाऱ्या आयएसए ७१.०४ या मानकात सौम्य वर्गासाठी हायड्रोजन सल्फाइड ३ पीपीबीच्या खाली, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत तीनपेक्षा कमी, धरलेला आहे. कुजलेल्या अंड्यासारखा वास स्पष्ट येत असेल तर ती मर्यादा बहुधा कधीच मागे पडलेली असते.

७. साखर कारखाना, डिस्टिलरी किंवा एसटीपीसाठी (मैलापाणी शुद्धीकरण केंद्रासाठी) फिटिंग द्यायची आहे. कोणती एलईडी निवडू?

आधी जागा बघा. एकाच आवारात हवा सारखी नसते. आपल्याकडच्या पुष्कळ साखर कारखान्यांत रस स्वच्छ करायला गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड सोडतात. हा वायू एकटा असताना चांदीवर हायड्रोजन सल्फाइडइतका तुटून पडत नाही. पण गंधक जाळायच्या भट्टीजवळ खुद्द गंधकाची वाफ असते, आणि ती चांदीला थेट लागते. डिस्टिलरीत त्याहून कठीण. स्पेंट वॉश (मद्यार्क काढल्यावर उरलेलं सांडपाणी) कुजवायच्या टाकीतून, म्हणजे डायजेस्टरमधून, निघणाऱ्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांच्या हिशेबात असतो. तिथे गळती जरा झाली तरी आसपासचे दिवे एका गळीत हंगामात निस्तेज होऊ शकतात. एसटीपीत पंपाची विहीर आणि गाळाची टाकी या दोन जागा सांभाळायच्या.

अशा ठिकाणी माझी पसंती ठरलेली आहे: चांदी उघडी नसलेलं सिरॅमिक किंवा फ्लिप-चिप (चिप उलटी बसवलेलं, वायर नसलेलं) पॅकेज, नाहीतर हायड्रोजन सल्फाइडची चाचणी लेखी दाखवणारी फिनाइल सिलिकॉनची एलईडी. प्लास्टिक पॅकेजमधली स्वस्त, मिड-पॉवर, मिथाइल सिलिकॉनची एलईडी तिथे देऊ नये, मग वॉरंटी कितीही वर्षांची असो. वॉरंटीत माल बदलून मिळतो, शिडी लावून दिवा उतरवायचा खर्च मिळत नाही. स्फोटक वायूच्या जागी फिटिंगचे नियम वेगळे असतात, ते आधी पाळायचे.

पोल्ट्रीवालेही हाच प्रश्न विचारतात. तिथे मुख्य वायू अमोनिया. तो चांदीपेक्षा तांब्याला आणि पॉलिकार्बोनेटच्या कव्हरला जास्त त्रास देतो, म्हणून आधी कव्हरचं साहित्य तपासा.

८. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने एलईडी जातात. सिलिकॉन चांगला घेतला तर वाचतील का?

थोड्या. मीठ वायू नाही. त्याचे आयन सिलिकॉनमधून सहज पार होत नाहीत, त्यामुळे समुद्रकाठी आधी मरतात ते बाहेरचे भाग: सोल्डरचे जोड, पॅकेजचे पाय, स्क्रू, ड्रायव्हरचे (एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटचे) टर्मिनल. तिथे पैसे बोर्डाच्या कोटिंगवर, स्टेनलेस स्क्रूंवर आणि केबल ग्लँडवर घाला. एलईडीच्या आतून काळं दिसलं तर मिठाला दोष देण्याआधी जवळ खाडी, मासळी सुकवायची जागा किंवा नाला आहे का ते बघा. सॉल्ट स्प्रेचा (खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीचा) रिपोर्ट असला म्हणजे गंधकाची खात्री मिळाली असं होत नाही. दोन्ही चाचण्या वेगळ्या.

९. फिटिंग आयपी६५ आहे. हवा आत जाईलच कशी?

आयपीचा आकडा धूळ आणि पाण्यापुरता आहे, वायूबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते आणि बाहेर पडते, विझला की बाहेरची हवा आत ओढली जाते. रोज एकदा हा श्वास चालतो, पावसाळ्यात ओलाव्यासकट. उलट, फिटिंग फारच घट्ट असेल तर आतल्या गॅस्केटचं गंधक आणि गोंदाची वाफ आतच कोंडते (प्रश्न ६ आणि १०).

१०. बंद फिटिंगमध्ये एलईडी तपकिरी पडल्या. उघडून टेबलावर पेटवून ठेवल्या तर दोन-तीन दिवसांत पुन्हा स्वच्छ! ही काय जादू?

हे गंधक नव्हे. गोंद, रंग, फ्लक्स, पॉटिंग कंपाउंड (सर्किट ज्यात बुडवून बंद करतात तो भराव) यांतून निघणारी सेंद्रिय वाफ सिलिकॉनमध्ये शिरते. चिपजवळ निळा प्रकाश इतका तीव्र असतो की त्या वाफेचे रेणू मोडून कार्बनसारखा गडद अवशेष उरतो. बंद जागेत ऑक्सिजन कमी आणि वाफ जास्त, म्हणून तो साठत जातो. फिटिंग उघडून दिवा पेटवला की उष्णता, प्रकाश आणि ताजी हवा मिळून तो हळूहळू जळून जातो. चिप निळी नसेल, म्हणजे लाल किंवा अंबर एलईडी असेल, तर हा प्रकार फारसा दिसत नाही.

म्हणजे रोग बरा झाला असं समजू नका. तेच फिटिंग तसंच बंद केलं तर पुन्हा तपकिरी होणार. वाफ सोडणारा पदार्थ शोधून बदला, किंवा हवा खेळती राहील असा व्हेंट बसवा.

११. गंधक, सेंद्रिय वाफ की जास्त तापणं, हे ओळखायचं कसं?

दिवा बंद करा, थंड होऊ द्या आणि १० पटीची लूप (भिंग) घ्या. दागिन्यांच्या दुकानात असते तीच चालते. टॉर्च सरळ वरून न मारता बाजूने तिरका धरा.

पिवळ्या थराखाली, वाटीच्या कडेने आणि तळाशी करडा-काळा रंग दिसत असेल आणि चिपच्या वरचा भाग त्या मानाने स्वच्छ असेल, तर चांदी गेली. चांदी चकाकण्याऐवजी मंद शिशासारखी दिसते. डाग बरोबर चिपच्या डोक्यावर, थराच्या आत, तपकिरी ठिपक्यासारखा असेल आणि तळ चकचकीत असेल, तर सेंद्रिय वाफेचा संशय. पॅकेजची पांढरी प्लास्टिकची भिंतच पिवळट-तपकिरी झाली असेल, थराला तडे असतील किंवा तो कडेला सुटला असेल, तर आधी करंट आणि हीटसिंक तपासा.

शंका राहिली तर एक-दोन एलईडी असलेला बोर्डाचा तुकडा उघड्या हवेत ठरलेल्या करंटवर काही दिवस पेटवा. उजळला तर वाफ, जसाच्या तसा राहिला तर चांदी. दोन्ही एकत्र असल्याचीही उदाहरणं आहेत. तेव्हा थोडासाच उजळतो.

१२. काळी पडलेली एलईडी साफ करता येते का?

नाही. सल्फाइड थराखाली आहे, थर काढला की वायर तुटते. एलईडी बदला आणि स्रोतही शोधा, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल. वरची धूळ पुसायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. टोल्युइन, थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, त्यांनी सिलिकॉन फुगतो. चिमट्याने पिवळ्या भागावर दाबणं तर कधीच नको.

१३. एलएम-८० रिपोर्ट चांगला आहे. तेवढं पुरे ना?

गंजासाठी नाही. एलएम-८० मध्ये एलईडी ठरलेल्या तापमानांवर हजारो तास पेटवून ल्युमेन किती टिकतात ते मोजतात. नेहमीचे रिपोर्ट ६००० तास किंवा त्याहून जास्त असतात आणि त्यावरून टीएम-२१ च्या रीतीने पुढचा अंदाज काढतात, तोही मोजलेल्या तासांच्या फार तर सहापट. या सगळ्यात हवा स्वच्छ असते, मुद्दाम कुठलाही गंजक वायू सोडलेला नसतो. ‘५०,००० तास’ हा आकडा त्याच हवेतला.

१४. ‘हायड्रोजन सल्फाइड टेस्ट पास’ म्हणजे नक्की काय पास?

ते आकड्यांवर अवलंबून आहे, म्हणून आकडे मागा. आयईसी ६००६८-२-४३ मध्ये साधारण १० ते १५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग) हायड्रोजन सल्फाइड, २५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असते. गाड्यांच्या एलईडींसाठी २०१७ मध्ये आलेल्या एईसी-क्यू१०२ मधली कडक अट म्हणजे १५ पीपीएम, ४० अंश, ९० टक्के आर्द्रता, ३३६ तास. दुसरी एक चाचणी मिश्र वायूंची: आयईसी ६००६८-२-६०. तिच्या एका पद्धतीत हायड्रोजन सल्फाइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि क्लोरीन पीपीबीच्या पातळीवर एकत्र वाहतात. ती प्रत्यक्ष हवेच्या जास्त जवळची.

रिपोर्टवर पीपीएम, तापमान, आर्द्रता, तास आणि शेवटी किती टक्के ल्युमेन उरले, हे पाचही असावं. ‘पास’ असा नुसता शिक्का म्हणजे काहीच नाही. दिवे चाचणीत पेटलेले होते की विझलेले, हेही विचारा.

१५. लॅबला पाठवायला पैसे नाहीत. वर्कशॉपमध्ये काही करून बघता येईल?

तुलना करता येईल, प्रमाणपत्र मिळणार नाही. झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाशी थोडी गंधकाची पूड आणि छोट्या वाटीत पाणी ठेवा. ज्या दोन-तीन जातींच्या एलईडींतून निवड करायची त्या एकाच वेळी आत टांगा, पुडीला लागू न देता. बरणी ८० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तासांपासून एक दिवसापर्यंत ठेवा. तापमान फार वाढवू नका, ११५ अंशांच्या आसपास गंधक वितळतं. आधी आणि नंतर एकाच करंटवर लक्समीटरने मोजा, तळाचा रंग लूपने बघा. स्वयंपाकघरातला ओव्हन घेऊ नका, आणि बरणी मोकळ्या हवेत, थंड झाल्यावरच उघडा.

जागेची परीक्षा याहून सोपी आहे. शुद्ध चांदीची घासून चकचकीत केलेली पट्टी फिटिंग लावायच्या ठिकाणी महिनाभर टांगा. आयएसए ७१.०४ मध्ये सौम्य वर्गासाठी चांदीवरचा थर महिन्याला २०० अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे २० नॅनोमीटरच्या, खाली हवा. तो मोजायला लॅब लागते, पण पट्टी महिन्यात पिवळी-तपकिरी किंवा निळसर-काळी झाली, तर मोजायची गरज उरत नाही.

१६. एलईडीवरून आणखी सिलिकॉन ओतला किंवा कोटिंग मारलं तर संरक्षण वाढेल?

सिलिकॉनवर सिलिकॉन ओतून वायू थोडा उशिरा पोचेल, थांबणार नाही. त्यात दोन धोके. दुकानात मिळणारा, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन पक्का होताना ॲसिटिक ॲसिड सोडतो, आणि ते तांब्याला व सोल्डरला खातं. इलेक्ट्रॉनिक्ससाठी ‘न्यूट्रल क्युअर’ (ॲसिड न सोडता पक्का होणारा), त्यातही अल्कॉक्सी प्रकारचा घ्या. दुसरं म्हणजे, सपाट एलईडीवर नवा थर आला की प्रकाश बाहेर पडायची रीत बदलते आणि रंग सरकतो, बहुधा निळसर बाजूला. आधी मोजून बघा. वायू अडवायचाच असेल तर पॅरिलीनसारखं कोटिंग कितीतरी प्रभावी आहे, पण ते निर्वात चेंबरमध्ये चढवावं लागतं.

१७. दोन भागांचा सिलिकॉन मिसळून ओव्हनमध्ये ठेवला, पण कडेला चिकटच राहतो. माल खराब आहे का?

बहुधा माल ठीक असतो, जागा दूषित असते. एलईडीचा सिलिकॉन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने पक्का होतो आणि त्यातून काही बाहेर पडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण गंधक, अमाइन, फॉस्फरसची काही संयुगं आणि कथिलाची सेंद्रिय संयुगं लागली की प्लॅटिनम निकामी होतं. लॅटेक्सचे हातमोजे, फ्लक्सचे अवशेष, अमाइनने पक्कं केलेलं इपॉक्सी, कथिलाच्या उत्प्रेरकाचा दुसरा सिलिकॉन हे नेहमीचे गुन्हेगार. मध्यभाग पक्का आणि बोट लागलेली कडच चिकट असेल, तर हातमोज्यांकडे बघा. नायट्राइलचे वापरा, भांडी-ब्रश वेगळे ठेवा.

ज्या गंधकापासून चांदी वाचवायची, तेच गंधक आवरणालाही पक्कं होऊ देत नाही.

१८. चांदीच काढून टाकली तर? सोन्याचा मुलामा देता येत नाही का?

सोनं काळं पडत नाही, पण ४५० नॅनोमीटरच्या निळ्यातला निम्म्याहून जास्त भाग ते गिळतं, म्हणून परावर्तक म्हणून ते चालत नाही. जिथे सोनं वापरतात तिथे प्रकाश परत फेकायचं काम पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या भरावाला देतात. सिरॅमिक पॅकेजमध्ये चिप उलटी बसवून वायरही काढून टाकता येते. काही उत्पादक चांदीवर अतिशय पातळ ऑक्साइडचा पारदर्शक थर चढवतात. त्याला एक सूक्ष्म छिद्र राहिलं तरी तिथून काळा ठिपका सुरू होतो.

१९. ‘अँटी-सल्फर सिलिकॉन’ म्हणून विकतात, त्यात काय असतं?

एक मार्ग म्हणजे वायू कमी सोडणारं जास्त फिनाइलचं सूत्र. दुसरा, सिलिकॉनमध्ये जस्ताची संयुगं थोड्या प्रमाणात मिसळणं, उदाहरणार्थ अतिसूक्ष्म झिंक ऑक्साइड. गंधक चांदीपर्यंत जाण्याआधी जस्ताला चिकटतं, आणि झिंक सल्फाइड पांढरं असल्यामुळे काळं दिसत नाही. कल्पना चांगली आहे, पण जस्त संपलं की संरक्षणही संपलं. त्यामुळे थोड्या काळाच्या चाचणीत असा माल झकास दिसतो आणि गटारावर दहा वर्षं टिकवायच्या दिव्यात तितका नाही. चाचणीचे तास बघा (प्रश्न १४).

२०. एलईडीची रीळं कशी ठेवायची?

मूळ ओलावारोधक पिशवीत, सीलबंद. उघडलेली पिशवी रबरबँडने बांधू नका, झिप किंवा हीट सील करा. सुटे बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात उघडे ठेवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. पिशवी किती वेळ उघडी चालते ते तिच्यावरच्या एमएसएल (ओलाव्याच्या संवेदनशीलतेच्या) आकड्यावर ठरतं: एमएसएल ३ असेल तर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तास. पावसाळ्यात आपल्या वर्कशॉपची आर्द्रता ६० टक्के असते असं धरून चालू नका.

२१. यूव्ही-सी एलईडी आणि लेझर डायोडलाही हेच नियम का?

नाही, तिथे उलटं आहे. यूव्ही-सीचा, म्हणजे २८० नॅनोमीटरखालचा प्रकाश नेहमीच्या सिलिकॉनलाच तडे पाडतो. म्हणून क्वार्ट्झची खिडकी लावतात किंवा फ्लोरोपॉलिमर वापरतात. निळ्या-जांभळ्या लेझर डायोडच्या जवळ तर सिलिकॉन नकोच. त्यातून निघणारी सिलोक्सेनची वाफ तीव्र प्रकाशात मोडून चिपच्या तोंडावर सिलिकाचा थर बसवते. असे डायोड धातूच्या हवाबंद कॅनमध्ये येतात ते याचसाठी. फोटोडायोड आणि ऑप्टोकप्लरला मात्र वरचे नियम लागू आहेत.

२२. एलईडी चकचकीत आहेत, ड्रायव्हर सिलिकॉनमध्ये पूर्ण पॉट केलेला आहे, तरी बंद. आत एक रेझिस्टर ओपन निघाला. हे कसं?

हे प्रकरण दुरुस्तीवाल्यांना सगळ्यात जास्त चकवतं. नेहमीच्या चिप रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना आत चांदीचा थर असतो, वर निकेल आणि कथिल. काचेचं आवरण आणि निकेल जिथे भेटतात त्या बारीक फटीतून गंधक आत शिरतं आणि चांदीचं सल्फाइड करत करत शेवटी जोडच तोडतं. सिलिकॉनचं पॉटिंग इथे वाचवत नाही. उलट ते आसपासच्या हवेतलं गंधक शोषून रेझिस्टरला चिकटून ठेवतं, त्यामुळे कोटिंग नसलेल्या बोर्डापेक्षा पॉट केलेला बोर्ड आधी गेल्याचीही उदाहरणं आहेत.

रेझिस्टरच्या टोकाशी लूप धरा. आवरणाच्या कडेला काळे, सुईसारखे स्फटिक दिसले तर निदान पक्कं. बदलताना ‘अँटी-सल्फर’ जातीचा रेझिस्टर घाला, किंमत काही पैशांनीच वाढते. नवीन ड्रायव्हर पॉट करायचा असेल आणि जागा गंधकाची असेल, तर सिलिकॉनऐवजी पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी वापरा. फक्त ते एलईडीच्या कप्प्यापासून वेगळं बंद करा, नाहीतर प्रश्न १० मधली भानगड सुरू होईल.